घराखालची ओल शोधून देणारी सेवा : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

आमचे घर सहकारनगरात, तळजईच्या टेकडीकडून उतरत येणाऱ्या जमिनीवर आहे. सासऱ्यांनी ते 1974 मध्ये बांधले तेव्हा सगळा प्लॉट भर घालून सपाट करण्याचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून चढाकडच्या खोल्या थेट मुरमावर टेकवल्या गेल्या आणि उताराकडच्या दोन खोल्या खांबांवर उचलून घेण्यात आल्या. त्या दोन खोल्यांखाली, चारी बाजूंनी भिंतींनी बंद झालेली, सर्वांत खोल जागी जेमतेम तीन फूट उंचीची एक पोकळी राहिली. आत जाण्यासाठी मागच्या अंगाला एक लाकडी झडप आणि हवेसाठी समोरासमोर दोन झरोके, एवढीच तिची व्यवस्था. घरातली मुले तिला भुयार म्हणत आणि मोठी माणसे तिच्यात जे टाकवत नाही ते ठेवत: जुन्या चौकटी, तुटका पाट, मोडका पाळणा, शहाबादी फरशीचे तुकडे. चाळीसेक वर्षे त्या जागेकडे कोणी याहून अधिक लक्ष दिले नाही.

अशा पोकळीतील आणि जोत्यातील ओलीची तपासणी करून उपाय करून देणाऱ्या, पुण्यातीलच एका छोट्या संस्थेची सेवा आम्ही ऑगस्ट 2023 मध्ये घेतली. त्यानंतर दोन पावसाळे गेले असल्यामुळे आता तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. संस्थेचे नाव मी येथे घेतलेले नाही, कारण कामाच्या एका भागावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही आणि एका बाजूने लिहिलेल्या मजकुरात नाव घेणे मला योग्य वाटत नाही.

सेवेकडे वळण्यापूर्वी खुणा सांगणे आवश्यक आहे, कारण त्या आम्हाला किमान सात वर्षे दिसत होत्या आणि आम्ही त्यांचा अर्थ चुकीचा लावत होतो. आषाढ लागला की मागच्या खोलीतील कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवरच्या पुस्तकांना कुबट वास येई, वरच्या फळ्यांवरच्या पुस्तकांना मात्र येत नसे. दाराची चौकट फुगे आणि दार शेवटच्या दोन इंचांना खांद्याने ढकलावे लागे. चढाकडच्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर एक तपकिरी, वळणावळणाची रेघ उमटली होती. तिच्याखाली रंगाचे पोपडे सुटत आणि पोपडा नखाने उचलला की आत कापसासारखा मऊ, पांढरा लोणा हाताला लागे. हे सगळे आम्ही पुण्याच्या पावसाळ्याच्या खात्यावर मांडत होतो. प्रत्येक वेळी रंगारी बोलावला जाई आणि तो ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा रंग दोन हात मारून जाई. 2016 ते 2022 या काळात हा प्रकार तीनदा झाला आणि दर वेळी ती रेघ मागच्यापेक्षा चार-सहा बोटे वर सरकली. असे का होते, हे तपासणीला आलेल्या अभियंता मुलीने एका वाक्यात सांगितले: "काकू, भिंतीतले पाणी आतल्या बाजूने बाहेर पडत होते, तुम्ही तो रस्ता बंद केलात, म्हणून ते वरचा रस्ता शोधत गेले." विटेच्या आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वातीतल्या तेलासारखे वर चढते आणि जिथे त्याची वाफ होते तिथे सोबत आणलेले क्षार सोडून जाते, वाफ होण्याची जागा झाकली की क्षारांची रेघ वर जाणार, हे मग आपोआप कळले.

तपासणीची फी चार हजार रुपये होती. तपासणीस दोघे आले, ती अभियंता आणि एक मदतनीस, आणि ते लागोपाठ तीन दिवस येत राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी कोणतेही यंत्र बाहेर काढण्यापूर्वी घराभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, गच्चीवर जाऊन आल्या आणि शेजारच्या चढाकडच्या प्लॉटची जमीन आमच्या जोत्याच्या तुलनेत किती वर आहे ते पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने, गवंडी लेव्हल काढतो तसे, मोजले. तो फरक तीन फूट निघाला. आमच्या घरात राहून मला हा आकडा पन्नास वर्षांत कोणी सांगितला नव्हता. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा या परिसरातल्या सगळ्यांनाच आपापल्या जागेचे उतार पहिल्यांदा समजले. आमच्या घरात त्या रात्री पाणी शिरले नाही म्हणून आम्ही मात्र निश्चिंत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी विजेरी घेऊन झडपेतून पोटावर सरपटत आत गेली आणि अर्ध्या तासाने चिखलाने माखलेल्या कोपरांनी बाहेर आली. तिने काढलेली छायाचित्रे मी अजून जपून ठेवली आहेत. एकात चढाकडच्या पायाच्या दगडी भिंतीतील दोन दगडांच्या सांध्यापासून सुरू होऊन पुढे पसरत गेलेला बारीक गाळाचा पंखा दिसतो. पाणी कुठून येते आणि किती जोराने येते, हे त्या गाळानेच लिहून ठेवले होते. पुण्याच्या बऱ्याच भागात वर मुरूम आणि खाली काळा पाषाण असतो. मुरमात मुरलेले पाणी खडकावर अडते आणि खडकाच्या उताराने आडवे वाहत जाते. आमच्या घराखालची पोकळी नेमकी त्या वाटेवर होती.

दुसऱ्या छायाचित्राने मात्र मी चकित झाले. पोकळीच्या छताला, म्हणजे आमच्या मागच्या खोलीच्या स्लॅबच्या पोटाला, एका चौकोनी भागातच पाण्याचे थेंब लोंबत होते आणि शेजारच्या खोलीखालचा स्लॅब कोरडा होता. त्या खोलीत मुलाने दोन वर्षांपूर्वी एसी बसवला होता. रात्रभर एसी चालला की जमीन गार होते, जमिनीखालचा स्लॅब गार होतो आणि खालच्या दमट हवेतील वाफ त्या गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसेच हे. याचा धोका असा की ओलसर काँक्रीटमधील सळ्या गंजू लागतात आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापत असल्यामुळे सळईखालचे काँक्रीट फुटून खपल्या पडतात. एका कोपऱ्यात ती सुरुवात झालेली होती. एसीचे तापमान 20 वरून 26 अंशांवर नेणे हा तिने सुचवलेला पहिला उपाय होता आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहते. तिकडच्या कितीतरी घरांखाली अशीच सरपटत जाण्याजोगी पोकळी असते आणि तिला क्रॉल स्पेस म्हणतात. फरक एवढा की तिथे वरची जमीन लाकडी तुळयांवर उभी असते, त्यामुळे तिकडची पहिली भीती लाकूड कुजण्याची असते. लाकडातील ओलावा दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरते, असा तिथला ठोकताळा आहे. पूर्वी तिथल्या नियमांत दर 150 चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका ठेवण्याची अट असे; पुढे असे लक्षात आले की दमट उन्हाळ्यात त्याच झरोक्यांतून ओली हवा आत येते आणि गार तुळयांवर पाणी धरते. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून पोकळी बंदच करतात. बहिणीने फोनवर हे सगळे सांगितले तेव्हा मला ती अमेरिकी कौतुके वाटली होती. आमच्या अभियंतेने ऑगस्टमध्ये झरोक्यांपाशी आर्द्रतामापक धरला तेव्हा बाहेरची आर्द्रता 86 टक्के आणि आतली 94 टक्के निघाली. अशा हवेने काही वाळत नाही. पावसाळ्यात "जरा हवा खेळू द्या" म्हणून आम्ही उघडे ठेवलेले झरोके निरुपयोगी होते. मार्च ते मे या काळात मात्र पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेला पापड तासाभरात कडक होतो. झरोके उघडायचे ते तेव्हा.

तपासणीचा जो भाग कोणालाही घरी करता येईल तो थोडा विस्ताराने लिहिते. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे तीन चौकोन त्यांनी तीन खोल्यांच्या फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावले आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे 16 तासांहून अधिक वेळाने, उघडले. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला असतील तर ती खोलीच्या हवेतली आहे. आमच्याकडे चढाकडच्या खोलीत खालून, एसीच्या खोलीत वरून आणि तिसऱ्या खोलीत काहीच नाही, असे तीन वेगवेगळे निकाल लागले. एकाच घरातील ओलीला एकच कारण असते ही आमची समजूत तिथे संपली.

जमिनीखालच्या टाकीबद्दल मला सर्वाधिक संशय होता. त्यांनी रात्री अकराला टाकीत येणारा आणि टाकीतून जाणारा असे दोन्ही व्हॉल्व बंद करायला सांगितले, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली आणि सकाळी सहाला पंप सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहायला सांगितले. पाणी खुणेवरच होते. टाकी निर्दोष सुटली. ती खूण केली नसती तर मी टाकीला आतून पुन्हा गिलावा करवून घेण्यात पैसे घातले असते, हे येथे कबूल करते.

दोषी ठरल्या त्या दोन गोष्टी, आणि दोन्ही आमच्याच हातच्या. गच्चीच्या पावसाचा पाइप जोत्याच्या कोपऱ्यातच संपत होता आणि त्याचे खालचे कोपर कधीचे निखळले होते. आमची गच्ची हजार चौरस फुटांची आहे. तेवढ्यावर फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे 930 लिटर पाणी गोळा होते आणि ते सगळे त्या एका कोपऱ्यात ओतले जात होते. दुसरी गोष्ट माझ्या मोगऱ्याची. चढाकडच्या भिंतीला लागून मी मोगरा आणि अनंत लावला होता. दर वर्षी शेणखत आणि माती घालत घालत वाफ्याची पातळी जोत्यातील डीपीसीच्या, म्हणजे ओल वर चढू नये म्हणून जोत्याच्या माथ्यावर दिलेल्या थराच्या, चार इंच वर गेली होती. थर शाबूत होता, पण त्याला वळसा घालून पाणी थेट वरच्या विटेत जात होते. त्यात अंगणात ब्लॉक बसवणाऱ्याने जमीन आणखी उचलली आणि उतार घराकडे दिला. सासऱ्यांच्या वेळच्या गवंड्याने केलेले काम पन्नास वर्षे टिकले आणि ते निकामी करायला आम्हाला फक्त माती टाकत राहावे लागले.

भिंतीत खुपसायच्या दोन सुया असलेल्या ओलावामापकाबद्दल एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली: विटेच्या भिंतीवर तो दाखवतो तो आकडा खरा टक्का नसतो, कारण क्षारांमुळेही तो वाढतो; म्हणून आकड्यापेक्षा खालून वर तो कसा उतरत जातो ते पाहायचे. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलही त्यांचे मत असेच सावध होते. यंत्र दाखवून घाबरवणे हा या व्यवसायातील नेहमीचा प्रकार आहे. याआधी बोलावलेल्या एका ठेकेदाराने हेच सुयांचे यंत्र भिंतीला लावून, ते किंचाळताच, सव्वादोन लाखांचा अंदाज हातात दिला होता.

अहवाल अकरा पानांचा आला आणि तो पूर्ण इंग्रजीत होता, ही माझी पहिली तक्रार. माझ्यासारख्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याला तो वाचता येतो. पण शेजारच्या आजींना तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता आणि ओलीच्या घरांत राहणारे बहुतेक जण त्यांच्याच वयाचे आहेत. दुसरी, अधिक मोठी हरकत म्हणजे निदान करणारा आणि इलाज विकणारा एकच आहे. फी पुढे कामाच्या रकमेतून वळती होते, त्यामुळे काम त्यांनाच देण्याकडे मन झुकते. मी अहवाल हातात आल्यावर त्यातील प्रत्येक कामाचा वेगळा दर मागितला आणि तो त्यांनी कुरकुर न करता दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

काम एकूण 1,12,000 रुपयांचे झाले. त्यातील 46,000 चढाकडच्या बाजूने खणलेल्या चरीचे होते आणि माझ्या मते तेच सर्वांत योग्य खर्च झालेले पैसे आहेत. खडक लागेपर्यंत चर खणली, तळाशी छिद्रांचा पीव्हीसी पाइप दर शंभर फुटांना एक फूट अशा उताराने घातला, त्याभोवती गाळ अडवणारे कापड गुंडाळले आणि वर खडी भरली. पाइपचे तोंड घराच्या खालच्या अंगाला, जोत्यापासून दूर काढले. मोगरा कुंड्यांत गेला आणि वाफ्याची माती डीपीसीच्या सहा इंच खाली उतरवली. पोकळीतील अडगळ बाहेर काढताना जुन्या चौकटींचा नुसता कागद उरलेला दिसला. आतले लाकूड वाळवीने खाऊन टाकले होते. त्यामुळे वाळवीप्रतिबंधाचे 13,000 ऐनवेळी वाढले. अहवालात त्याचा उल्लेख नव्हता आणि तो असायला हवा होता, कारण ओल आणि वाळवी सोबतच राहतात हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पोकळीच्या जमिनीवर हजार गेजचे, म्हणजे 250 मायक्रॉन जाडीचे प्लास्टिक अंथरण्यासाठी 22,000 घेतले. तिकडे अमेरिकेत किमान 150 मायक्रॉनचे चालते असे बहिणीने सांगितले होते, त्या मानाने हे भरपूर जाड आहे. पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवून चिकटवल्या आणि कडा भिंतीवर सहा इंच वर घेतल्या. खांबांभोवती मात्र प्लास्टिक नुसते कापून सोडले होते. मी झडपेतून मोबाइल आत धरून चित्रीकरण केले तेव्हा ते लक्षात आले. दाखवल्यावर त्यांनी आठ दिवसांत येऊन खांबांना गळपट्टे बसवून दिले. पोकळीत सतत चालणारे आर्द्रता काढणारे यंत्र बसवण्याचा त्यांचा आग्रह मी नाकारला. आधी पाणी थांबू द्या, मग हवेचे पाहू, असे मी म्हटले आणि ते त्यांनी मान्य केले.

दिवाळीपूर्वी संपणार असलेले काम जानेवारी 2024 मध्ये संपले. यात थोडा उशीर आवश्यक होता, कारण मीटरभर उंचीपर्यंत गिलावा खरवडून उघडी केलेली भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो आणि ती घाई करून चालत नाही. पण प्लंबर आणि गवंडी यांच्या न जुळलेल्या तारखांमुळे गेलेले पाच आठवडे हे निव्वळ ढिसाळपणाचे होते.

आता वादाचा मुद्दा. नव्या गिलाव्यासाठी 31,000 रुपये घेतले आणि तो चुन्याचा असेल असे लेखी दिले होते, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि उरलेली ओल हळूहळू बाहेर पडते. काम पोटठेकेदाराच्या गवंड्याने केले. चुना कमी पडला म्हणून त्याने पलंगामागच्या कोपऱ्यात सिमेंटचा गिलावा करून वर पुट्टी मारली आणि कोणाला सांगितले नाही. पुढच्या श्रावणात बाकीची भिंत कोरडी राहिली आणि जेवणाच्या ताटाएवढा तोच एक भाग फुगून सुटला. खरे तर याहून चांगला पुरावा कोणी मुद्दाम तयार करू शकले नसते. संस्थेचे म्हणणे असे की वर्षभराची हमी चरीची आणि प्लास्टिकची आहे, गिलाव्याची नाही.

निकाल मोजण्यासाठी मी सहाशे रुपयांना एक या दराने दोन आर्द्रतामापक घेतले. स्वस्त यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा, तर बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल एवढेच पाणी घालायचे आणि ते झाकण मापकासोबत घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचे. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. माझे एक मापक सकाळी 71 दाखवत होते आणि दुसरे 76. तेवढी बेरीज-वजाबाकी धरून मी वही ठेवली आहे. 25 जुलै 2024 रोजी, ज्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, त्या दिवशी आमच्या चरीच्या पाइपमधून सकाळपासून मनगटाएवढी धार वाहत होती आणि पोकळीतले प्लास्टिक वरून कोरडे होते. ते सगळे पाणी यापूर्वी घराखालून जात असे. त्या ऑगस्टमध्ये पोकळीतील आर्द्रता 72 च्या आसपास राहिली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये 69. स्लॅबच्या पोटाला थेंब पुन्हा दिसले नाहीत. दार एका बोटाने लागते.

पाचपैकी गुण द्यायचे तर तपासणीला मी पाच देईन, चरीला पाच, प्लास्टिकला साडेतीन आणि गिलाव्याला एक. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी तपासणी जुलै किंवा ऑगस्टमध्येच करून घ्यावी. फेब्रुवारीत कोरड्या भिंतीसमोर उभा राहून कोणी काही सांगत असेल तर तो अंदाज आहे. गिलावा मात्र आपल्या ओळखीच्या, चुन्याचे काम येणाऱ्या गवंड्याकडून करून घ्यावा आणि तो घोटत असताना शेजारी खुर्ची टाकून बसावे.

ताटाएवढा तो भाग खरवडून चुन्याने भरून द्यायला संस्थेने अखेर मार्चमधली तारीख दिली आहे, मजुरी अर्धी त्यांची आणि अर्धी आमची या तडजोडीवर. तोपर्यंत पलंग भिंतीपासून एक वीत पुढे ओढून ठेवला आहे.